दावा नामंजूर

न्यूयॉर्क टाइम्सचा चित्रपट समीक्षक बॉस्ली क्राउदर आणि आमचे काका यांचं हाडवैर होतं. क्राउदरला त्याचा पत्ता नव्हता, हा भाग वेगळा. १९४० ते १९६७ अशी सत्तावीस वर्षं तो त्या वर्तमानपत्रात बसून चित्रपटांचे निकाल लावत होता आणि १९८१ साली वारला. ही बातमी काकांपर्यंत पोचायला बराच काळ जावा लागला. "अरेरे," ते म्हणाले, आणि चहाचा घोट घेऊन पुढे, "पण 'पथेर पांचाली'बद्दल जे लिहिलं ते लिहिलंच ना त्याने." १९५८ साली तो चित्रपट न्यूयॉर्कला लागला तेव्हा, इतकी सैल बांधणी हॉलिवूडचे संकलक कच्चा खर्डा म्हणूनसुद्धा चालवून घेणार नाहीत, अशा अर्थाचं क्राउदरने लिहिलं होतं. त्याच परीक्षणात चार बरे शब्दही आहेत. काकांनी ते कधी हिशेबात धरले नाहीत.

पण भांडणाचं मूळ राय नव्हते, न्वार होतं. चाळीस-पन्नासच्या दशकांतले ते अमेरिकन काळे-पांढरे गुन्हेपट: ओले रस्ते, अर्ध्या चेहऱ्यावर सावली, पहिल्या रिळातच फसलेला नायक. युद्धामुळे फ्रान्सला न पोचलेले हे चित्रपट १९४६ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये एकदम लागले आणि नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांना 'फिल्म न्वार' म्हटलं. फ्रेंचांना जे दिसलं ते क्राउदरला दिसलं नव्हतं. 'द बिग स्लीप' त्याला गोंधळाचा वाटला, 'आउट ऑफ द पास्ट'च्या उत्तरार्धात काय चाललंय ते उलगडेना. काका म्हणायचे, "कळलं नाही म्हणून नापास? मग आमच्या हापिसातल्या निम्म्या फायली नापास."

हापिस म्हणजे एलआयसी, क्लेम्स खातं. काका वडिलांचे थोरले भाऊ, लग्न न केलेले. नारायण पेठेतला वाडा पडला तेव्हा दोन ट्रंका आणि एक टेबललॅम्प घेऊन आमच्याबरोबर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आले. ट्रंकांत कपडे कमी, कात्रणं जास्त. मराठी-इंग्रजी वर्तमानपत्रांतली, मासिकांतली चित्रपट परीक्षणं, सगळी जुन्या डॉकेटांच्या पुठ्ठ्यांत नाडीने बांधलेली. प्रत्येक कात्रणावर तांबड्या पेन्सिलीने शेरा. 'पुरावा अपुरा.' 'साक्षीदार ऐकीव.' 'चौकशी व्हावी.' आणि सर्वांत जास्त वेळा, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत, 'रिप्युडिएटेड'. 'मंजूर' क्वचित, आणि ते लिहिताना पेन्सिलीवर जोर कमी दिलेला कळायचा.

अशा माणसाला गुन्हेपट का आवडावेत, हा प्रश्न घरात आईने एकदाच विचारला. दिवसभर पंचनामे आणि पोस्ट-मॉर्टेमचे कागद वाचून मन विटत नाही का? काकांचं उत्तर असं की पंचनाम्यात सगळं असतं, फक्त माणूस नसतो. प्रेत कुठल्या दिशेला डोकं करून होतं ते असतं. उरलेलं बघायला ते थिएटरात जात. आईला उत्तर पटलं नाही. तिला राजा परांजपे आवडत.

'डबल इन्डेम्निटी' काकांनी लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म आर्काइव्हमध्ये पाहिला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. त्यांच्या शेजारी बसून मी पाहिला तो डीव्हीडीवर, ठिकठिकाणी थांबवत. १९४४ चा, बिली वायल्डरचा. पटकथा त्याची आणि रेमंड चँडलरची, कथा जेम्स केनची. विम्याचा एजंट वॉल्टर नेफ, गिऱ्हाइकाची बायको फिलिस, नवऱ्याच्या नावावर अपघात विमा, रेल्वेत मेला तर रक्कम दुप्पट, म्हणजे पन्नास हजारांचे एक लाख डॉलर. आपल्याकडच्या डबल ॲक्सिडेंट बेनिफिटचाच भाऊबंद. समीक्षकांना हा चित्रपट म्हणजे ती बाई: बार्बारा स्टॅनविक, तिचा सोनेरी विग, पायातली साखळी. काका साखळीकडे ढुंकून बघत नसत. ते सही बघायचे.

नवरा दिवाणखान्यात बसलाय, वैतागलेला. मोटारीच्या विम्याचा कागद म्हणून नेफ त्याच्यापुढे दोन प्रती सरकवतो. दुसरा कागद अपघात विम्याचा असतो. मुलगी आणि सावत्र आई बाजूला पटावर खेळत बसल्यात, म्हणजे साक्षीदारही हजर. काका इथे रिमोट दाबून चित्र थांबवत. "बघ, वाचतोय का? नाही. कुठे करू, एवढंच विचारतोय. पेन्सिलीने फुली मारून दिली की आपला माणूस स्वतःच्या मृत्युपत्रावरसुद्धा सही करेल. मी नोकरीभर फुल्या बघितल्या." मग पुढचा थांबा नवऱ्याच्या मोडलेल्या पायाचा. पाय मोडला, अपघाताची पॉलिसी आहे, तरी क्लेम केला नाही. का? त्याला पॉलिसी आहे हेच माहीत नव्हतं. हे ज्याच्या डोक्यात येतं तो बार्टन कीज, क्लेम्स खात्याचा प्रमुख, एडवर्ड जी. रॉबिन्सन. बुटका, वेस्टकोटातला, सिगार ओढणारा. कंपनीचा साहेब ही आत्महत्या आहे असं ठोकून देतो तेव्हा कीज त्याला आत्महत्यांच्या सांख्यिकीची सगळी वर्गवारी घडाघडा ऐकवतो: विष घेऊन, उडी मारून, कशावरून उडी मारून, आणि सावकाश चालणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यातून उडी मारून जीव दिल्याची एकही नोंद नाही. या प्रसंगाला काका पाठ सरळ करून बसत.

त्यांचं म्हणणं, ही गोष्ट कीजची आहे. नेफ रात्रभर हापिसात बसून यंत्रावर कबुलीजबाब देतो तो पोलिसांना नाही, फिलिसला नाही, कीजला. कीजच्या खिशात कधी काडेपेटी नसते. प्रत्येक वेळी नेफ नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवून देतो. शेवटी नेफ दारात कोसळतो तेव्हा त्याची सिगारेट कीज पेटवतो. "बाई ही फक्त वारस म्हणून लावलेलं नाव," काका म्हणायचे. "दावा या दोघांमधला आहे." वायल्डरने गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा प्रसंग चित्रित करूनही काढून टाकला, तो का, हे त्यांच्या मते या काडीत होतं.

या चित्रपटात कीज सांगतो की एकदा आपलंही लग्न ठरत आलं होतं. पण आत, छातीत बसलेल्या त्या संशयी माणसाने मुलीची चौकशी करायला लावली आणि प्रकरण तिथेच मिटलं. हसण्याचा प्रसंग आहे. तो आला की काका पाणी प्यायला उठत.

गंमत म्हणजे क्राउदरनेही त्या चित्रपटात जीव लागावा असा माणूस एकटा रॉबिन्सनच आहे, असं लिहून ठेवलंय. मी हे काढून दाखवलं तेव्हा काकांनी कागद दूर-जवळ करत दोनदा वाचला. "आंधळ्याच्या गाई देव राखतो," म्हणाले, आणि पेन्सिल शोधायला लागले. सापडली नाही बहुतेक.

त्यांची सर्वांत मोठी हरकत मात्र तारखांवर होती. न्वारवर लिहिणारा जो तो म्हणतो: महायुद्धाने माणसाचा माणसावरचा विश्वास उडाला, त्या वैफल्यातून हा अंधार आला. काकांना हे पॉलिसीआधीच्या अपघातासारखं वाटे. 'डबल इन्डेम्निटी' घडतो १९३८ मध्ये, नेफ स्वतः तारीख सांगतो. मुळातला रूथ स्नायडर खटला १९२७ चा. नवऱ्याच्या नकळत दुप्पट रकमेची पॉलिसी, प्रियकर, खून, सगळं तेव्हाच झालेलं. 'द माल्टीज फाल्कन' ही कादंबरी १९३० ची. "महायुद्ध कधी सुरू झालं?" ते शाळामास्तरांसारखे विचारत. "१९३९. बरं. १९३९ ला आपल्या इथे काय आलं?"

आपल्या इथे म्हणजे पुण्यात, प्रभात रस्त्याच्या टोकाला. १९३९ साली प्रभातचा 'माणूस' आला. गणपत हा पोलीस शिपाई, मैना ही कोठ्यावरची बाई, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. रात्रीच्या गल्ल्या, भिंतींवरच्या सावल्या, आणि कायद्याचा माणूस कायद्याच्या कडेला जाऊन उभा. त्याआधी १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा पडदाभर डोळा. यावर काकांचा सिद्धान्त तयार होता आणि तो ते कुणालाही, भाजीवाल्यालासुद्धा, ऐकवत. १९३३ मध्ये प्रभात कोल्हापुराहून पुण्याला आली. त्याच वर्षी शांताराम 'सैरंध्री'च्या रंगांच्या कामासाठी जर्मनीला गेले. आणि त्याच वर्षी बिली वायल्डर बर्लिनमधून पळाला, फ्रिट्झ लांगनेही जर्मनी सोडली. "जर्मनांच्या सावल्या दोन वाटांनी निघाल्या. एक हॉलिवूडला गेली, तिला नाव मिळालं. एक पुण्याला आली, तिला सामाजिक चित्रपट म्हणतात." मी म्हणायचे, काका, 'माणूस'मध्ये उपदेश आहे, न्वारमध्ये तो नसतो. ते म्हणायचे, कीज काय करतो मग?

१९४४ मध्ये, म्हणजे 'डबल इन्डेम्निटी'च्याच वर्षी, गुरुदत्त प्रभातमध्ये नोकरीला लागला. थोड्याच काळात देव आनंद तिथे आला. 'हम एक हैं' हा त्याचा पहिला चित्रपट. धोब्याने शर्टांची अदलाबदल केली, त्यावरून ओळख झाली, मैत्री झाली, आणि जो आधी मोठा होईल त्याने दुसऱ्याला काम द्यायचं असं ठरलं, ही कथा पुण्यात सगळ्यांना पाठ असते. त्यातून १९५१ ला 'बाजी' आला आणि हिंदीत न्वारचं खातं उघडलं. पुढे 'जाल', 'आरपार', 'सीआयडी'.

इथे काकांचं भांडण अरुण खोपकरांशी होतं, अर्थात तेही एकतर्फी आणि अतिशय आदराने. खोपकरांचं 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' हे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं पुस्तक काकांनी इतकं वाचलं होतं की पानं शिवणीतून सुटली होती. तीन अंक म्हणजे 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहब बीबी और गुलाम'. पहिल्या कोऱ्या पानावर काकांनी पेन्सिलीने लिहिलंय: 'नांदी कुठे?' गुन्हेपट म्हणजे थोर कलावंताची उमेदवारी, असली कला पुढे सुरू झाली, हे बहुतेक सगळ्या समीक्षकांचं गृहीतक त्यांना झोंबायचं. 'बाजी'त जुगाराच्या अड्ड्याचा मालक अंधारात बसून हुकूम सोडतो, चेहरा दिसत नाही. अखेर तो नायिकेचा प्रतिष्ठित बाप निघतो. "प्रतिष्ठा खोटी असते हे 'प्यासा'त गाऊन सांगावं लागलं. 'बाजी'त नुसता दिवा बाजूला सरकवलाय."

मी यावर बराच विचार करून उत्तर दिलं होतं. 'प्यासा'मध्ये मेला समजलेला कवी सभागृहाच्या दारात येऊन उभा राहतो, मागून झोत, चेहरा काळोखात. व्ही. के. मूर्तींनी लावलेला तो दिवा 'बाजी'च्याच घराण्यातला आहे. म्हणजे नांदी संपलेलीच नाही, ती तिसऱ्या अंकापर्यंत चालू आहे. काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंजूर." मला नोकरी लागली त्या दिवशीही एवढा आनंद झाला नव्हता.

प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ मध्ये फिल्म आर्काइव्ह सुरू झालं. तिथले पी. के. नायर हे काकांचं दैवत. ओळख नव्हती. थिएटरात मागे बसून, बारक्या टॉर्चच्या उजेडात वहीत टिपणं काढणारी आकृती, इतकाच परिचय. काकांना त्यांचं मोठेपण वाटे ते एका गोष्टीसाठी: नायर चित्रपट जमा करताना तो चांगला की वाईट हे विचारत नसत. आज टाकाऊ वाटणारं रीळ उद्या कुणाला हवं असेल ते आपण कोण ठरवणार, ही त्यांची भूमिका. चित्रपटाच्या व्यवहारातला निकाल न देणारा हा एकमेव माणूस, असं काका म्हणत. ८ जानेवारी २००३ ला नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि ६०७ चित्रपटांची ५,०९७ रिळं गेली. प्रभातची त्यात होती. नायट्रेट पाण्याखालीसुद्धा जळत राहतं, विझवता येत नाही, हे मला त्या दिवशी काकांनी समजावून सांगितलं, फार सावकाश. बातमीचं कात्रण डॉकेटात आहे. त्यावर शेरा नाही.

माझं स्वतःचं न्वारशिक्षण मात्र आर्काइव्हमध्ये झालं नाही, केबलवर झालं. नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्क रात्री संपायचं आणि त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं. दिवसभर जिथे टॉम आणि जेरी पळायचे तिथे अचानक एमजीएमचा सिंह डरकाळी फोडायचा आणि हंफ्री बोगार्ट टोपी सारखी करत यायचा. आम्हा मुलांना झोपायला पिटाळलं जाई. मी पाण्याच्या निमित्ताने परत यायचे. काका बनियनवर, दिवे मालवून, आवाज अगदी बारीक करून बसलेले. न बघताच सतरंजीवर बाजूला सरकायचे. 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस', 'द ॲस्फाल्ट जंगल', 'आउट ऑफ द पास्ट', सगळे असे, पेंगत, अर्धे समजत पाहिले. सकाळी शाळेच्या रिक्षात डुलक्या.

शेवटची काही वर्षं काकांना ऐकू येईनासं झालं. यंत्र आणलं, ते त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवलं. चित्रपट नुसते बघत. सबटायटल्स लावू का विचारलं तर नको; वाचताना सावल्या निसटतात. 'द बिग स्लीप' तर त्यांच्या मते आवाजाशिवायच बरा. त्यातल्या मोटारीच्या ड्रायव्हरचा खून कुणी केला हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला कळेना म्हणून त्याने तार करून चँडलरला विचारलं, तर मूळ लेखकालाही ठाऊक नव्हतं, हा किस्सा सांगून ते खूश व्हायचे. "आवाज होता तेव्हा तरी कुठे कळत होतं! क्राउदरला उगीच बोललो." बहिऱ्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे लिहून घालावा लागतो. मी पाटीसारखी वही आणली होती. त्यात माझ्याच ओळी आहेत. त्यांची उत्तरं तोंडी असायची, ती गेली.

गेले ते झोपेत, श्रावणात. आजारपण असं नाहीच. त्यांची एक जुनी आजीवन पॉलिसी होती, वारस म्हणून माझं नाव. मूळ बॉण्ड, मृत्यूचा दाखला, बँकेचा रद्द केलेला धनादेश, फॉर्मवर माझी सही. काउंटरवरच्या मुलीने पेन्सिलीने फुली मारून कागद पुढे केला. मी सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा. रांगेतले लोक चुळबुळायला लागले. एकही शंका न काढता दावा मंजूर झाला. इतक्या जुन्या पॉलिसीला चौकशी नसतेच. तरी मला वाटलं होतं कुणीतरी काहीतरी विचारेल. निदान हे कोण होते, एवढं.

आता परीक्षणं खंडीभर. फोनवर दर शुक्रवारी दुपारपर्यंत निकाल लागलेले असतात, ताऱ्यांत. मी वाचते, बहुतेकांशी माझं जमतं. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत तर समीक्षक पार बदललेत. क्राउदरची बाजू घेणारं आता कुणी उरलेलं नाही. 'आउट ऑफ द पास्ट' सगळ्यांनाच थोर वाटतो. काका याने खूश झाले असते असं आमच्या घरात म्हणतात. मला शंका आहे. सगळ्यांनी एकमताने थोर म्हटलेल्या चित्रपटाचं त्यांनी काय केलं असतं ते मला एका बाबतीत नक्की ठाऊक आहे, कारण तो वाद मिटला नाही.

'द थर्ड मॅन', १९४९. कॅरल रीडचा, युद्धानंतरच्या व्हिएन्नातला. शेवटी दफनभूमीबाहेरच्या लांबच लांब सरळ रस्त्यावर हॉली मार्टिन्स हातगाडीपाशी थांबलाय. पानं गळतायत. ॲना लांबून चालत येते, येत राहते, आणि त्याच्याकडे न बघता निघून जाते. ग्रॅहम ग्रीनच्या मूळ कथेत ती त्याच्या हातात हात घालते. रीडला ते पटलं नाही, त्याने बदललं, आणि पुढे ग्रीननेही मान्य केलं की रीडचंच बरोबर होतं. जगातला एकूण एक समीक्षक रीडच्या बाजूचा आहे. काका ग्रीनच्या बाजूचे. तेही आधीच्या, मान्य करण्यापूर्वीच्या ग्रीनच्या. "थांबायला हवी होती ती," म्हणायचे. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: पुरावा? त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "नाही पुरावा."

मी लिहिलं, मग नामंजूर. ते म्हणाले, लिही खुशाल.

परवा मी तो पुन्हा पाहिला, आवाज बंद करून. माझं मत तेच आहे. तिने त्या माणसासाठी थांबण्याचं काहीएक कारण नाही. त्याने तिच्या माणसाला गोळी घातलीये, आणि मरणारा कितीही हलकट असला तरी ती त्याच्या दफनाहून परत येतेय. यावर काकांकडे उत्तर नव्हतं, आजही नसतं. फक्त तारखा काढून त्यांनी मला दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटात नेलं असतं, बहुतेक 'माणूस'मध्ये, आणि तासाभराने आई आतून ओरडली असती की दोघांनी आता झोपा.